मोरखोदरीचे दोनशे बारा नकाशे

१

फोल्डर रिकामं होतं.

दोन वर्षांपूर्वी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, तळोद्याच्या निसर्गरेषा मोजणी केंद्रात ममताने संगणक सुरू केला, डी ड्राइव्हवरचं ‘नकाशे’ नावाचं फोल्डर उघडलं आणि “माय वो!” म्हणून तोंडावर हात घेतला. सातपुड्यातल्या मोरखोदरी गावाच्या दोनशे बारा वनजमिनींचे नकाशे त्यात असायला हवे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर आपली व्हावी म्हणून अख्खं गाव त्या नकाशांकडे डोळे लावून बसलेलं. आणि फोल्डरमध्ये एक म्हणता एक नकाशा नाही!

नकाशे आदल्या दिवशी दुपारी बनवले होते रविना पावराने. ती मोरखोदरीचीच मुलगी, केंद्रात नोकरीला. नकाशे झाल्यावर तिने नियमाप्रमाणे मोजणीचं यंत्र पुढच्या गावासाठी कोरं करून ठेवलं होतं. म्हणजे नकाशेही गेले आणि ज्यावरून ते पुन्हा काढता आले असते ती मोजणीही गेली. चार महिने डोंगर तुडवून केलेलं काम एका रात्रीत पाण्यात.

केंद्राचे प्रमुख नवनीत पाटील यांनी तासाभरात निकाल देऊन टाकला. हिनेच पुसलं! कारणही तयारच होतं. गावाने रविनाच्या बापाला, आमशाला, वनहक्क समितीतून काढलं होतं, म्हणून पोरीने सूड उगवला. गावालाही ते पटलं. किती पटकन पटलं, हे रविना आजतागायत विसरलेली नाही. आमशाच्या दारात यायचं लोकांनी बंद केलं. दहा महिन्यांनी तो गेला, तेव्हा मयताला मोरखोदरीतलं एक माणूस फिरकलं नाही. खांदा द्यायला रविनाचे तीन मामा, आणि चौथी रविना स्वतः.

बापाला खांद्यावर घेऊन चालताना तिने मनाशी पक्कं केलं. ज्याने हे केलं त्याचं नाव शोधायचं, आणि त्याला ह्याच गावासमोर उभं करायचं. मग ती नाशिकला गेली, एका कंपनीत चिकटली, आणि नकाशे बनवणारा तो प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता ती पायथन शिकली. लोक नोकरीसाठी शिकतात, ही खुन्नस म्हणून शिकली.

आणि परवाच्या शुक्रवारी तिच्या नाशिकच्या खोलीच्या दारात नवलसिंग उभा. नवलसिंग म्हणजे मोरखोदरीच्या समितीचा सचिव, नात्याने तिचा चुलत काका, आणि ‘रविनानेच पुसलं’ हे गावभर सांगत फिरणारा पहिला माणूस.

“जिल्हा समितीने शेवटची संधी दिली आहे,” तो पावरी बोलीत, खाली बघत म्हणाला. “सोमवारी संध्याकाळपर्यंत जुने नकाशे मूळ तारखेसकट दाखवा, नाहीतर सगळे दावे बंद. संगणकाचं कळणारं गावात दुसरं कोणी नाही, बाई.”

“आणि मी चोर आहे त्याचं काय?”

नवलसिंगने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“येते,” रविना म्हणाली. “पण नकाशांसाठी नाही, काका. मला नाव पाहिजे.”

२

शनिवारी सकाळी दोघं केंद्रात शिरली. नवनीत पाटील तापीकाठच्या जमीनदार घरातले. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. ते खुर्चीतून उठले नाहीत, बसल्या जागेवरून अहिराणीत म्हणाले,

“उनी का तू परत? त्या येळे तुले पोलिसमा दिधी नही, हाई मन्ही चूक शे.”

“आता द्या की,” रविना म्हणाली. पाटलांशी ती मुद्दाम कचेरीतलं मराठी बोलत होती. “पण आधी हे वाचा. जुनं सगळं दप्तर आणि तो संगणक दाखवा, असं जिल्हा समितीने लिहिलं आहे.”

पत्रावरचा शिक्का बघून पाटलांचा नाइलाज झाला. त्यांनी कपाटातून फाइल काढून टेबलावर आपटली. तिच्याविरुद्धच्या तक्रारीची फाइल. त्यात एक छापील फोटो होता, संगणकाला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीचा. केंद्रात पाटलांचा नियमच होता, काम झालं की पडद्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. त्याशिवाय हजेरी नाही. रविनाने त्या दिवशी टाकलेला फोटो हाच.

त्यात तीन ओळी दिसत होत्या. मोजणी वाचली. दोनशे बारा नकाशे लिहिले. काम संपलं.

“देख,” पाटील म्हणाले. “नकाशा झायात, हाई तूच सांगी ऱ्हायनी. मंग गयात कोठे? संगणक त्या कोपरामा पडेल शे. काय देखनं ते देखी ले. तठे काही सापडनार नही.”

रविना फोटो निरखत होती. संगणकाची काळी चौकट फोटोत डावीकडे दिसत होती, उजवीकडे दिसत होती, खालीही होती. वरच्या बाजूला मात्र नव्हती.

ती फोटोवरून नजर काढेना, तसा पाटलांना आणखी चेव आला. “आनि मोजणी तरी काय करी व्हती तू? हर बांधवर सगळास्ले पायी फिरावं! आनि तुन्हा सोताना बापना तुकडानी हद्द वढाना पल्याड कशी गयी? पल्याडनं आंबानं झाड बी मझार घी लिधं!”

“ते झाड माझ्या आजोबांनी लावलं होतं,” रविना म्हणाली.

पाटलांच्या ह्या जळफळाटाला जुनं कारण होतं. मोजणी सुरू झाली तेव्हा केंद्राची माणसं मोहाच्या सावलीत बसून अंदाजाने हद्दी लिहीत होती. रविनाने ते भर ग्रामसभेत सांगितलं. पाटलांना डोंगर चढून यावं लागलं, लोकांपुढे हात जोडावे लागले, आणि मग प्रत्येक बांधावर चालत मोजणी झाली. त्या दिवसापासून ही पोरगी त्यांच्या डोळ्यात सलत होती.

“माले बठ्ठं कळस,” पाटील फाइल ओढून घेत म्हणाले.

रविनाने फाइल सोडली नाही. “ही आज माझ्याकडे राहील. समितीने तसंही लिहिलं आहे.”

३

कोपऱ्यातला संगणक धुळीने माखलेला, पण चालू झाला. शेजारी ममता येऊन बसली. पूर्वी दोघी एका डब्यात जेवायच्या. मग रविनाला काढलं, आणि ममताने फोन घेणं बंद केलं.

“मन्ही शपथ रविना, मी काही करं नही,” ती कुजबुजली. “माले भ्याव वाटे साहेबनं.”

“तुला मी काही म्हटलं का? फक्त आठवून सांग. त्या दिवशी कचेरीत कोण होतं?”

ममताने बोटं मोजली. “साहेब नही व्हतात. सकायपासून नंदुरबारले मीटिंगमा. दुसरा रोज सकाये मी फोन करा तव्हय उनात. मी दुपारले जेवाले घर गयी व्हती, चार वाजता परत उनी. आठे भाग्येश व्हता.”

भाग्येश म्हसावदचा. केंद्रातला संगणकवाला, आणि तो प्रोग्राम लिहिणारा.

“तो काय करत होता?”

“तुले मालूम शे ना त्यानं! लगनसराई व्हती, त्याना शूटिंगना धंदा. घरनी डिस्क लई येस आनि वरातना व्हिडिओ आठेच बारीक करस. साहेब नसनात का सगळं त्याच काम. तू उनी तव्हय तो उठना आनि तुले जागा दिधी.” ममता थांबली. “पंधरा रोजमा त्यानी नोकरी सोडी दिधी. आते म्हसावदले फोटोना दुकान शे.”

“आणि ग्रुपवरचा तो फोटो? तुझ्या फोनमध्ये आहे?”

“ग्रुप साहेबनी आठ रोजमा मोडी टाका. मन्हा फोन बी नवा शे.”

रविनाने मान हलवली आणि भाग्येशचा प्रोग्राम उघडला. दोन वर्षं ह्या क्षणासाठी तिने डोळे फोडले होते. जेमतेम चाळीस ओळी. मोजणीचं यंत्र वाच, हद्दी काढ, आणि ‘नकाशे’ फोल्डरमध्ये लिही. तिथे ती थबकली.

नुसतं ‘नकाशे’. कुठलं नकाशे? डी ड्राइव्हवरचं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं!

पूर्ण पत्ता दिला नाही की संगणक डोकं चालवत नाही. तो त्या वेळी ज्या फोल्डरमध्ये उभा असेल तिथेच लिहून मोकळा होतो, आणि फोल्डर नसलं तर नवीन बनवतो. डोंगरात वाट विचारली की म्हातारे सांगतात, ‘झरा इथून खालीच आहे.’ इथून म्हणजे कुठून? तुम्ही उभे आहात तिथून. ह्या उभं राहण्याच्या जागेला संगणकवाले चालू डिरेक्टरी म्हणतात. संगणक कुठे उभा आहे ते त्यालाच विचारता येतं, पायथनमध्ये त्याचा एका ओळीचा हुकूम आहे.

आणि तो हुकूम प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत होता. भाग्येशने कधीतरी तपासायला टाकला असेल आणि काढायचा राहिला असेल. प्रोग्राम सुरू झाला की आधी स्वतःची जागा विचारायचा आणि काळ्या खिडकीत छापायचा. त्यानंतर बाकीच्या तीन ओळी.

म्हणजे ओळी एकूण चार. फाइलमधल्या फोटोत तीनच होत्या, आणि वरची चौकट गायब होती. कोणीतरी फोटोचं डोकं उडवलं होतं.

४

बाहेर टपरीवर नवलसिंग थंड झालेला चहा हातात धरून बसला होता. रविना त्याच्या शेजारी बाकावर टेकली. इतक्या जवळ ती दोघं दोन वर्षांत बसली नव्हती.

“मूळ फोटो पाहिजे,” ती म्हणाली. “माझा फोन तेव्हाच तापीत पडला. ग्रुप मोडला. तो फोटो आता कुठेच नाही.”

नवलसिंगने कप खाली ठेवला. मग हळूच खिशातून फोन काढला, काचेला तडा गेलेला. “माझ्याकडे आहे.”

“काय?”

“तूच पाठवला होतास ना. त्याच दुपारी. ‘काका, आपले दोनशे बारा झाले,’ म्हणून.” त्याची मान आणखी खाली गेली. “मी तो जपून ठेवला. जो भेटेल त्याला दाखवला. बघा, हिने नकाशे बनवले आणि मग पुसले, असं सांगत.”

रविनाने फोन हिसकावलाच. फोटो अख्खा होता. चारही बाजूंनी चौकट, आणि अगदी वर इंग्रजीत एक ओळ. नवलसिंगला इंग्रजी येत नव्हतं, आणि ज्यांना त्याने फोटो दाखवला त्यांनाही नाही. तिने ती ओळ दोनदा वाचली. एफ ड्राइव्ह, वरात-दोन.

“केंद्राच्या संगणकाला सी आणि डी एवढेच आहेत,” ती म्हणाली. “एफ बाहेरून लावलेला. भाग्येशची लग्नाची डिस्क! काका, तो डबा इतका मंद होता की काळी खिडकी आम्ही कधी बंदच करायचो नाही. सकाळी एकदा उघडायची, आणि मग जो बसेल त्याने वरचा बाण दाबून जुना हुकूम आणायचा आणि एंटर मारायचं. भाग्येश त्याच खिडकीतून आपल्या वरातीच्या फोल्डरमध्ये गेला आणि परत न येता उठला. मी येऊन बसले, बाण दाबला, एंटर मारलं. संगणक वरातीत उभा होता. त्याने नकाशे तिथेच लिहिले.”

“म्हणजे पुसलेच नाहीत?”

“नाही. वरातीत गेले.”

तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. वरची ओळ तिनेही वाचली नव्हती. दोनशे बारा हा आकडा दिसला आणि तिचं भान हरपलं. तेवढी चूक तिची होतीच, आणि त्या चुकीपायी बाप गेला.

नवलसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. “दोन वर्षं माझ्या खिशात होतं गं, बाई. तुझं निर्दोषपण माझ्याच खिशात...”

“आत्ता रडू नका, काका,” रविना उठत म्हणाली. “रडायला उद्या वेळ देते. आधी म्हसावद.”

५

भाग्येशच्या दुकानात नवरानवरीच्या फोटोंनी भिंती भरल्या होत्या. रविनाला बघताच त्याचा चेहरा पडला. तिने नमस्कार-चमत्कार केलाच नाही.

“वरात-दोन कुठे आहे?”

त्याने खण उघडला, तळाशी हात घातला आणि चिकटपट्टी लावलेली एक डिस्क काढली. संगणकाला लावली. वराती, हळदी, घोडे, बँड, आणि त्यांच्या मधोमध एक फोल्डर. नकाशे. आत दोनशे बारा, प्रत्येकावर त्या दिवशीची तारीख आणि दुपारी साडेचारची वेळ.

नवलसिंग पडद्याजवळ गेला आणि आपल्या शेताच्या आकारावरून बोट फिरवू लागला. रविनाने तिकडे बघितलं नाही. ती भाग्येशकडे बघत होती.

“कधी कळलं तुला?”

“पाचवा रोज,” भाग्येश म्हणाला. “वरात जोडाले बठनू आनि देखस त काय, नकाशा! तव्हय लोंग तुले काढी टाकेल व्हतं. मी घाबरनू. कचेरीना संगणकवर घरना धंदा, आनि प्रोग्राममा पत्ता बी मीच अर्धा टाकेल. मन्हं नाव खराब व्हतं. पुसानी हिंमत झायी नही, देवानी बी झायी नही.”

“तू गप्प बसलास. माझा बाप मेला, तरी गप्प बसलास.”

भाग्येशने डिस्कची वायर उगाच घट्ट केली.

“आणखी कोणाला माहीत होतं?”

“कोनले नही,” तो झटकन म्हणाला. “मी एकलाच. जे करनं ते माले कर.”

नवलसिंगने त्याची कॉलर धरली. रविनाने नवलसिंगचा हात बाजूला केला. एवढ्या चटकन सगळा दोष अंगावर घेणारा माणूस तिला नवा नव्हता. असा माणूस कोणाला तरी पाठीशी घालत असतो. आणि हा फोटो कापणाऱ्यातला नव्हता. फोटो लागला होता तक्रारीच्या फाइलला, त्या फाइलला भाग्येशचा हात कशाला लागेल?

मग तिला सकाळचं एक वाक्य आठवलं, आणि ती जागच्या जागी ताठ झाली.

“डिस्क घे आणि चल,” ती भाग्येशला म्हणाली. “तळोद्याला.”

६

दुपार टळली होती. पाटील घरी निघायच्या तयारीत. रविनाने दार लावून घेतलं आणि टेबलावर तीन वस्तू मांडल्या. कापलेला फोटो, नवलसिंगचा फोन आणि डिस्क. ममता कोपऱ्यात उभी होती, तिलाही तिने जाऊ दिलं नाही.

“नकाशे सापडले,” ती म्हणाली. “भाग्येश म्हणतो, एकट्यालाच माहीत होतं.”

पाटलांनी भाग्येशकडे एक नजर टाकली. “मंग धर त्याले. माले काय सांगस?”

“तुम्हाला एक विचारायचं आहे. माझ्या वडिलांच्या तुकड्याची हद्द ओढ्यापलीकडे गेली, आंब्याचं झाड आत आलं, हे सकाळी तुम्ही म्हणालात. हे कुठे बघितलंत?”

“मोजणीमा. आखो कोठे?”

“मोजणीत नुसते आकडे असतात, साहेब. हद्द कुठून गेली आणि झाड आत आलं की बाहेर, हे नकाशा बनल्यावरच दिसतं. नकाशे बनले आखाजीच्या दिवशी साडेचारला. तेव्हा तुम्ही नंदुरबारला. दुसऱ्या दिवशी आलात तेव्हा फोल्डर रिकामं आणि यंत्र कोरं. त्यानंतर हे नकाशे जगात एकाच ठिकाणी होते, ह्या डिस्कवर.” ती टेबलावर वाकली. “सांगा ना. कधी बघितलंत?”

पाटलांनी खिशातलं पेन काढलं आणि परत खोचलं.

“आणि ही वरची ओळ,” रविनाने दोन्ही फोटो जवळजवळ सरकवले, “हिचा अर्थ ज्याला कळला त्यानेच ती कापली. तक्रार केली तुम्ही, फोटो जोडला तुम्ही.”

“साहेब, आते मी नही झाकी सकत,” भाग्येश एकदम म्हणाला. तो रडत होता. “मी पाचवा रोज यास्ले फोन करा. हाई म्हसावदले उनात, मन्हा घर. एक एक करीसन बठ्ठा नकाशा देखात. तो तुकडा देखीसन हासनात बी. मी म्हणनू, साहेब, सांगी टाकूत. त म्हणनात, ऱ्हाऊ दे. तिले एकडाव समजू दे, लोकस्मा हात जोडाले कसं वाटस ते.”

ममताने तोंडाला पदर लावला. नवलसिंग पुढे सरकला, पण रविनाने नजरेनेच त्याला थांबवलं. तो राग तिला कोणाशी वाटून घ्यायचा नव्हता.

“मी काही पुसं नही,” पाटील म्हणाले. “मी चोरी करी नही. मी फक्त बोलनू नही.”

“हो. तुम्ही फक्त बोलला नाहीत. म्हणून उद्या बोलायचं. सकाळी मोरखोदरीला या, आमच्या अंगणात. दोनशे बारा नावं मोठ्याने वाचायची, आणि मग आत्ता इथे जे झालं ते सगळं सांगायचं. चिठ्ठी नको. तोंडाने.”

“आनि उनू त? मंग समितीकडे जाशी नही ना?”

“या तुम्ही,” रविना म्हणाली.

७

रविवारी अंगण भरलं. कुडापलीकडे, झाडांखाली, वाटेवर माणसं. ज्या अंगणात दोन वर्षं कोणी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे आज उभं राहायला जागा नव्हती. रविनाची आई रेवाबाई ओट्यावर बसली होती, मांडीवर हात ठेवून. तिच्याकडे बघायचं धाडस कोणाला होत नव्हतं.

पाटलांनी भर उन्हात दोनशे बारा नावं वाचली. मग सांगितलं. मध्येच गुळमुळीत बोलू लागले की रविना म्हणायची, “पुन्हा.” ते पुन्हा सांगायचे. आमशाने, त्याच्या पोरीने काही केलं नव्हतं, मला माहीत होतं, मी गप्प बसलो. नवलसिंग ते पावरीत करून म्हाताऱ्यांना सांगत होता, आणि दर वाक्याला त्याचा आवाज खाली जात होता.

शेवटी पाटलांनी रुमालाने मान पुसली. “झायं ना आते? समितीले...”

“पत्र कालच दिलं,” रविना म्हणाली. “दोन्ही फोटोंसकट.”

“तू म्हणनी व्हती...”

“मी फक्त बोलले नाही.”

पाटील बघतच राहिले. मग वळले आणि माणसांच्या मधून वाट काढत जीपकडे गेले. त्यांना वाट द्यायला कोणी मुद्दाम सरकलं नाही, आणि अडवलंही नाही.

आता गावाची पाळी होती. तळोद्यात रात्री छापून आणलेल्या नकाशांचा गठ्ठा रविनाने ओट्यावर आईजवळ ठेवला. समितीला द्यायचा संच वेगळा बांधून तयार होता, दावे कोणाचेच बुडणार नव्हते. पण गावाला हे तिने अजून सांगितलं नव्हतं.

नवलसिंगने पहिला हात पुढे केला.

“असा नाही,” ती म्हणाली. “आधी माझ्या आईला विचारा, आमशा कधी गेला.”

नवलसिंगचा चेहरा पांढरा पडला. त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं. “वहिनी, आमशा कधी गेला?”

“भोंगऱ्याच्या सकाळी,” रेवाबाई म्हणाली.

होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार म्हणजे डोंगरातला सगळ्यात मोठा दिवस. त्या सकाळी आत आमशा चटईवर होता आणि अख्खी मोरखोदरी नवे कपडे घालून, नाचत, ह्याच दारावरून बाजाराला गेली होती. ढोल नवलसिंगच्या गळ्यात होता. आतला रडण्याचा आवाज ऐकून त्याने तो आणखी जोरात बडवला होता.

त्याने नकाशा घेतला आणि मागे जाऊन जमिनीवर बसला. मग दुसरा आला. आमशा कधी गेला? भोंगऱ्याच्या सकाळी. मग तिसरा. बायका आल्या, काठी टेकत म्हातारे आले. प्रत्येकाने विचारलं, प्रत्येकाला उत्तर मिळालं. रविनाच्या छातीत काहीतरी हळूहळू सुटत चाललं होतं. दोन वर्षं तिला हेच हवं होतं. प्रत्येकाच्या तोंडून, एकेकाच्या, डोळ्यात डोळे घालून!

तिसाव्या की बत्तिसाव्या माणसाला रेवाबाईने उत्तर दिलं नाही.

“रविना,” ती म्हणाली, “ह्यांना एकदाच ऐकावं लागतं. मला दर वेळी सांगावं लागतं.”

ती उठली, भिंत धरत आत गेली आणि दार ओढून घेतलं.

रविना दाराकडे बघत राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापासाठी सूड घ्यायला निघाली आणि आईलाच सोलत बसली होती! रांगेतला पुढचा माणूस, करणसिंग, चुळबुळत म्हणाला, “राहू दे मग, बाई. नकाशे तसेच दे.”

तसेच दिले असते तर दहा मिनिटांत अंगण मोकळं झालं असतं. रविनाने रांगेकडे पाहिलं. ती कुडाबाहेर, वाटेवर, पार वळणापर्यंत गेली होती.

ती आईच्या जागेवर जाऊन बसली.

“मला विचारा,” ती म्हणाली.

करणसिंगने विचारलं. तिने सांगितलं, आणि शब्द तोंडातून निघताच आई काय म्हणत होती ते तिला कळलं. त्याच्यामागून एक बाई आली, तिलाही सांगितलं. दहाव्या वेळी डोळे भरले, पन्नासाव्या वेळी आवाज चिरकला. नवलसिंगने पाणी आणलं ते तिने घेतलं नाही. ऊन कलेपर्यंत तिचा घसा पार बसला, पण एकालाही विचारल्याशिवाय तिने नकाशा दिला नाही.